वालुकाश्मातले लोहगोटे: गोट्याइतकाच भोवतालचा खडक पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. फिकट वालुकाश्माच्या कड्यात रुतलेले आणि पायथ्याशी घरंगळलेले तपकिरी-काळे गोळे तुम्हाला दिसले. आकार वाटाण्यापासून लिंबापर्यंत. काही दोन-दोन, तीन-तीन जोडलेले, एक तर हलवला की खुळखुळतो. चुंबक चिकटत नाही. तीन माणसांनी तीन मतं दिली: उल्का, डायनोसॉरचं अंडं, तोफेचा जुना गोळा. हे नेमकं काय, बनलं कसं, पोकळ का आणि फोडून बघू का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजून फोडू नका. कारण खाली येईलच.

तुम्ही केलेलं वर्णन लोह-ऑक्साइडच्या गाठींना चपखल बसतं. भूवैज्ञानिक त्यांना काँक्रीशन म्हणतात, आम्ही बोलताना सरळ लोहगोटे म्हणतो. यात बाहेरून आलेली वस्तू कुठलीच नाही. गोट्यातली वाळू कड्यातलीच आहे. फक्त तेवढ्या भागात वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या लोहाच्या खनिजांनी, म्हणजे हेमॅटाइट किंवा गोएथाइटने, भरून निघाल्या आणि तो भाग आजूबाजूपेक्षा कठीण झाला. पुढे ऊन-पाऊस-वाऱ्याने मऊ खडक झिजला, कठीण गोटे सुटून खाली आले. जिओड वेगळा. तो आधीच्या पोकळीत आत-आत स्फटिक वाढून तयार होतो, इथे कणांमधल्या बारीक जागांखेरीज मुळात पोकळीच नव्हती.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पायथ्याशी आपोआप फुटलेला एखादा तुकडा शोधा. त्याची ताजी कड उजेडाकडे धरा. काचेसारखे गोलसर वाळूचे कण दिसतील, प्रत्येक कणाभोवती काळपट-तांबूस लुकण आणि कणांच्या मधल्या कोपऱ्यांत तेच लुकण ठासून भरलेलं. उल्केत अशी वाळू नसते, अंड्याच्या कवचात नसते, ओतीव लोखंडात तर नाहीच.

दुसरी खूण मला याहून आवडते. गोटा तिरप्या उन्हात फिरवून पाहा. त्याच्या अंगावर समांतर बारीक वळ्या दिसतात का? त्या वाळूच्या मूळ थरांच्या रेषा आहेत. कड्यात रुतलेल्या गोट्यापाशी गेलात तर खडकातली रेषा गोट्याच्या एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडताना दिसेल. याचा अर्थ वाळू आधी साचली, गोटा नंतर तिच्या आत वाढला आणि वाढताना त्याने एक कणही बाजूला सारला नाही. रेषा गोट्याला वळसा घालून जात असतील तर मात्र गोष्ट वेगळी: गोटा आधी कठीण झाला आणि नंतर वरच्या भाराने भोवतालची वाळू दबली. ही एक नोंद गोट्याच्या जन्माचा क्रम सांगून जाते. म्हणूनच कड्यातला गोटा आणि पायथ्याचा गोटा यांत मला निवडायला सांगितलं तर मी डोळे झाकून कड्यातला निवडतो.

आता कस, म्हणजे खनिज घासल्यावर उमटणारी रेघ. लादीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि गोट्याची गडद साल तिच्यावर घासा. रेघ लाल, गेरूसारखी उमटली तर हेमॅटाइट, पिवळट-तपकिरी उमटली तर गोएथाइट (जुन्या पुस्तकांतलं लिमोनाइट म्हणजे बहुतेक वेळा हेच). काळी रेघ आली तर मँगनीजची भेसळ धरा, ती या गोट्यांत अधूनमधून असते. एक सावधगिरी: गोट्यातले क्वार्ट्झचे कण लादीलाच ओरखडे पाडतात आणि लादीची पांढरी पूड रंगात मिसळते. वाळू उघडी पडलेला भाग टाळून सालच घासा.

घनतेची चाचणी घरी होते आणि तोफगोळ्याचा वाद एका मिनिटात मिटवते. गोटा कोरडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, गोटा पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे घन सेंटीमीटर त्याचं घनफळ. वजनाला घनफळाने भागा. भरीव लोहगोटा साधारण ३ ते ३.३ च्या आसपास येतो, पोकळ किंवा अर्धवट भरलेला त्याहून कमी. ओतीव लोखंड ७ च्या वर जातं, लोहउल्का पावणेआठच्या जवळ. दगडी उल्का मात्र साडेतीनच्या आसपास असतात, त्यामुळे तिथे घनता फसवू शकते. पण त्यातल्या बहुतेकींत धातूचे कण असतात आणि चुंबक ओढला जातो. तुमच्या गोट्याला चुंबक लागत नाही, ही माहिती म्हणूनच महत्त्वाची होती. एखाद्या गोट्याने चुंबक किंचित ओढलाच तरी हुरळून जाऊ नका. वणव्यात भाजलेल्या लोह-ऑक्साइडमध्ये थोडी चुंबकता येऊ शकते.

अंड्याबद्दल एकच सांगतो. अंड्याचं कवच कॅल्साइटचं असतं, त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. लोहाची साल ढिम्म राहते.

आता खरा मजेचा भाग. लोह आलं कुठून?

वाळवंटी टेकड्यांपासून बनलेला वालुकाश्म बहुधा लाल असतो, कारण प्रत्येक कणावर हेमॅटाइटचा अतिशय पातळ लेप असतो. एवढा गडद लाल खडक पाहून वाटतं की तो लोहाने भरलेला असणार. प्रत्यक्षात लोह-ऑक्साइड वजनाच्या एखाद्या टक्क्याच्या आतबाहेरच असतं. हेमॅटाइट रंग देण्यात फार उदार आहे. या लेपातलं लोह फेरिक, म्हणजे जास्त ऑक्सिडीकरण झालेल्या, रूपात असतं आणि साध्या, ना आम्ल ना अल्कली अशा पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. पण ऑक्सिजन संपलेलं आणि क्षपण करणारं (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया घडवणारं) पाणी खडकातून फिरलं, म्हणजे ज्यात सेंद्रिय द्रव्यं, मिथेन किंवा खनिज तेलाचे घटक आहेत असं, की फेरिकचं फेरस होतं. फेरस लोह पाण्यात सहज विरघळून वाहू लागतं. मागे उरतो धुऊन निघालेला, फिकट खडक.

तुम्ही कड्याचा रंग फिकट आहे असं लिहिलंत, पण ओझरतं. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली ती सगळ्यात मोलाची ओळ आहे. गोटे म्हणजे लोहाची जमा बाजू, फिकट खडक म्हणजे नावे बाजू. हिशोब दोन्ही पानं उघडल्याशिवाय लागत नाही.

करूनच पाहू. २ सेंटीमीटर व्यासाचा भरीव गोटा घ्या. त्याचं घनफळ सुमारे ४.२ घन सेंटीमीटर. कणांमधली पोकळी २२ टक्के धरली आणि ती सगळी हेमॅटाइटने भरली, तर जवळपास ५ ग्रॅम हेमॅटाइट लागेल. आता लाल खडकातून पाण्याने वजनाच्या अर्धा टक्का लोह-ऑक्साइड काढून नेलं असं समजा. दर घन सेंटीमीटरमागे हे साधारण ११ मिलिग्रॅम होतं. म्हणजे एका गोट्यासाठी साडेचारशे घन सेंटीमीटरच्या आसपास खडक धुतला जायला हवा, साधारण साडेनऊ सेंटीमीटर व्यासाचा गोळा. गोट्याच्या व्यासाच्या पावणेपाच पट.

यातून कड्यापाशी उभं राहून करता येईल अशी एक तपासणी निघते. गोटे एकमेकांपासून स्वतःच्या व्यासाच्या पाचेक पट लांब असतील, तर लोह जवळपासच्याच खडकातून रेणूरेणूने पसरत गोळा झालं असण्याची शक्यता आहे. ते खेटून, थव्याने बसले असतील तर तेवढं लोह शेजारी मिळणार नाही, ते वाहत्या भूजलाने दुरून आणलं. आकडे ढोबळ आहेत, पोकळीचं प्रमाण बदललं की बदलतील. तरी असा हिशोब मनात ठेवून पाहिलं की कडा बोलका होतो. आकारही तेच सांगतो: संथ, चहूबाजूंनी सारख्या पसरणीत गोल गोटे, वाहत्या पाण्यात लांबट कांड्या आणि नळ्या, जाड कणांच्या पट्टीत चपट्या चकत्या, कारण पाणी तिथून सुलभ जातं. जोडगोळ्या म्हणजे शेजारी सुरू झालेले दोन गोटे वाढता वाढता एकमेकांना भिडले, एवढंच.

विरघळलेलं लोह पुन्हा बसतं कुठे? जिथे त्या पाण्याची गाठ ऑक्सिजनवाल्या पाण्याशी पडते तिथे. फेरसचं पुन्हा फेरिक होतं आणि ते जागीच घट्ट बसतं. लोहाच्या ऑक्सिडीकरणावर जगणारे जीवाणू अशा सीमेवर मुक्काम ठोकतात आणि काम वेगाने उरकतात. एकदा एक कण बसला की त्याच्याच पृष्ठभागावर पुढचं लोह बसणं सोपं जातं.

आता तुमचा खुळखुळणारा गोटा. वरच्या साध्या वर्णनातून भरीव गोटा समजतो. पण बाहेर पोलादासारखी साल आणि आत बोटाने खरवडता येईल अशी फिकट वाळू, हे कसं? या प्रश्नावर अभ्यासकांत बरीच वर्षं वाद आहे, आणि तो वाद छान आहे.

नेब्रास्का विद्यापीठाचे डेव्हिड लूप आणि रिचर्ड केटलर यांच्या गटाचं म्हणणं असं की गोटा मुळात सिडेराइटचा, म्हणजे लोह-कार्बोनेटचा होता. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात आधी सिडेराइटचा गोळा वाढला. नंतर भूभाग उंचावला, ऑक्सिजनवालं पाणी आलं आणि त्याने बाहेरून हल्ला केला. कडेला लोह ऑक्साइड झालं. ही क्रिया होताना आम्ल तयार होतं, ते आत झिरपून उरलेलं सिडेराइट विरघळवतं. सुटलेलं फेरस लोह आतून कडेकडे सरकतं आणि ऑक्सिजन भेटताच सालीला येऊन चिकटतं. गोळा स्वतःचं पोट रिकामं करून स्वतःचीच साल जाड करतो.

जपानच्या नागोया विद्यापीठातल्या हिदेकाझू योशिदा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दुसरा मार्ग मांडला. त्यांच्या मते आधीचा गोळा साध्या कॅल्साइटचा होता. लोह वाहून आणणारं आम्लधर्मी पाणी त्याला भिडलं, कॅल्साइटने आम्ल मारलं, आणि आम्ल मरताच लोह कडेला बसलं. कॅल्साइट विरघळत गेलं, आत सुटी वाळू उरली.

माझं मत विचाराल तर दोन्ही खरे, आपापल्या जागी. फरक ओळखायची एक खूण आहे: फुटलेल्या सालीत भिंगाखाली चौकटच्या आकाराच्या, तिरक्या कडांच्या गडद खुणा किंवा खळगे दिसले तर पूर्वी तिथे सिडेराइटचे स्फटिक होते असा संशय बळावतो. तसं काही नसेल आणि त्याच कड्यात, त्याच आकाराचे, पण लोह न लागलेले कॅल्साइटचे गोळे सापडत असतील, तर योशिदांच्या बाजूने झुकावं. 'सगळे लोहगोटे एकाच पद्धतीने बनले' असं कोणी ठासून सांगितलं की मी जरा सावध होतो.

पातळ सालीला कमी लेखू नका, हेही जाता जाता. ३ सेंटीमीटर व्यासाच्या गोट्याची साल फक्त ३ मिलिमीटर जाड असली, तरी गोट्याचं जवळजवळ निम्मं घनफळ त्या सालीतच असतं.

खुळखुळणारे दगड माणसाला फार पूर्वीपासून भुरळ घालतात. रोमन लेखक प्लिनी यांनी गरुडाच्या घरट्यात मिळणाऱ्या 'गर्भवती' दगडाबद्दल लिहून ठेवलंय, आणि पुढे शेकडो वर्षं युरोपात बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून असे दगड बांधले जात. बहुतेक ते लोहाच्या पोकळ गाठीच होते. आजही हे गोटे 'ऊर्जा' असलेले, नर-मादी जोडीने विकले जातात. वाळू आणि गंज, दुसरं काही नाही.

कड्यात गोट्यांबरोबर तपकिरी वलयांचे पट्टेही दिसतील कदाचित, लाकडाच्या कापासारखे. त्यांना थर समजू नका, ही चूक विद्यार्थी दरवर्षी करतात. ती लीसेगांग वलयं. जर्मन रसायनज्ञ राफाएल लीसेगांग यांनी १८९६ मध्ये जिलेटिनमध्ये क्षार पसरवून अशी वलयं प्रयोगशाळेत दाखवली. द्रव्य एकसारखं पसरत असलं तरी ते बसतं मात्र टप्प्याटप्प्याने, रेघारेघांनी. खडकातली वलयं तड्यांना समांतर असतात आणि खऱ्या थरांना खुशाल छेदून जातात.

या गोट्यांचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यातला नवाहो वालुकाश्म. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्युरासिक काळातल्या अवाढव्य वाळवंटाच्या त्या टेकड्या. तिथले गोटे 'मोकी मार्बल' नावाने ओळखले जातात. मोकी हे होपी या तिथल्या मूळनिवासी लोकांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव, आणि ते त्यांना रुचत नाही, म्हणून मी ते टाळतो. गोएथाइटमध्ये अडकलेल्या अत्यल्प युरेनियमपासून साठत गेलेल्या हेलियमवरून तिथल्या लोहाचं वय काढलं गेलंय. वाळू १९ कोटी वर्षांची, पण मोजलेली लोहाची वयं साधारण गेल्या अडीच कोटी वर्षांतली, काही थर तर त्याहून खूपच अलीकडचे. एकाच ओंजळीत दोन काळ.

आणि मग मंगळ. जानेवारी २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी ही गाडी मेरिडियानी प्लॅनम या मैदानावर उतरली. ती जागा निवडण्याचं एक कारण असं की कक्षेतल्या यानाला तिथे हेमॅटाइट दिसलं होतं. जमिनीवर पाहावं तर काही मिलिमीटरचे गोल दाणे, खडकात रुतलेले आणि खाली विखुरलेले, अगदी तुमच्या कड्यासारखे. रंग चढवलेल्या छायाचित्रांत ते निळसर दिसले म्हणून नाव पडलं 'ब्लूबेरी'. युटा विद्यापीठाच्या मार्जोरी चॅन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी नवाहो वालुकाश्मातले गोटे आणि मंगळावरचे दाणे यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हीकडे सांगावा एकच होता, की सच्छिद्र खडकातून पाणी फिरलं. तपशील मात्र सारखे नाहीत. मंगळावरच्या खडकात सल्फेट भरपूर आहे, पाणी बरंच आम्लधर्मी होतं, आणि तिथले दाणे खूप लहान, आकारातही बरेच एकसारखे आहेत. तरीही गोटा हातात घेतला की मला दर वेळी ते मैदान आठवतं, हे कबूल करतो.

आता फोडायचं. पहिलं, ती जागा संरक्षित आहे का ते बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतून एक खडाही उचलायला बंदी आहे, इतर देशांतही असे नियम असतात. परवानगी असेल तरी कड्यात रुतलेला गोटा उकरू नका, पायथ्याचा घ्या.

खुळखुळणाऱ्याला तर हातोडी अजिबात नको. मी सुरुवातीच्या काळात असा एक सुरेख गोटा थेट हिऱ्याच्या करवतीखाली धरला होता. करवतीला पाण्याची धार लागते. पातं साल ओलांडून आत गेलं आणि दोन सेकंदांत आतली सगळी वाळू पाण्याबरोबर मोरीत. हातात राहिल्या दोन रिकाम्या वाट्या. आत साल आणि वाळू यांच्या मधे काय होतं, पिवळी कड होती की नव्हती, कण कसे बसले होते, काहीच कळलं नाही. आता मी आधी सालीला बारीक भोक पाडतो, पातळ रेझिन आत सोडतो, ते मुरून घट्ट होईपर्यंत थांबतो आणि मगच कापतो. हे साधन जवळ नसेल तर आधीच फुटलेला गोटा शोधा. दहा मिनिटं पायथा धुंडाळलात तर मिळतोच.

त्याआधी कड्यापाशी एक काम करा. रुतलेल्या चार-पाच गोट्यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. प्रत्येकाचा व्यास आणि जवळच्या गोट्यापर्यंतचं अंतर वहीत लिहा. गोट्याभोवती खडकाचा रंग बोटभर अंतरात बदलतो का, फिकट पट्टी कुठे संपून लाल कुठे सुरू होतो, थरांची रेषा गोट्यातून सरळ जाते की वळते, हे टिपा. कस लाल आला की पिवळा, तेही कळवा. एवढं हाती आलं की तुमच्या कड्यात लोह शेजारून गोळा झालं की दुरून वाहत आलं, यावर मी ठामपणे काही सांगू शकेन.